दोन मणी

‘टण्ण’ करून मणी वाटीत पडला, आणि देशिंगकरबाईंनी तर अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

“बघितलंत?” बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. “हे असं चाललंय जूनपासून.”

मी वर्गाच्या दारात चपला काढून उभा होतो. आत भिंतीकडेच्या लहानशा बाकावर माझी कांचन बसली होती. वय वर्षं सात. छातीवर कापडी पिशवीत ऐकायचं मशीन, त्यातून निघालेली वायर कानात, हातात लाकडी मणी, पुढ्यात स्टीलची वाटी. खेळ अगदी सोपा होता. बाई पुठ्ठ्याआड तोंड लपवून माइकमध्ये आवाज काढणार. आ, ई, ऊ, म, स, श या सहांपैकी कुठलाही एक. तो ऐकू आला की मणी वाटीत टाकायचा. नाही आला तर मणी गालाशी धरून गप्प बसायचं. मूकबधिर मुलांच्या शाळेत पहिलं वर्ष सगळं या मण्यांवर असतं. पोराला किती ऐकू येतं, त्याला बोलायला शिकवण्यात अर्थ आहे की नाही, हे त्या वाटीवरून ठरतं.

बाईंनी पुठ्ठा वर केला आणि माइकमध्ये “म” म्हटलं. चांगलं लांबवून म्हटलं. कांचन ढिम्म. मणी गालाशीच. मग बाईंनी माइक खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला, आणि तेवढ्यात पुन्हा टण्ण!

कांचननं वर बघितलं आणि शाबासकी मिळेल म्हणून हसली.

“खराडे, तिला ऐकू येत नाही असं मी म्हणणार नाही,” बाई मला व्हरांड्यात घेऊन म्हणाल्या. “ऐकू येत नसेल तर मूल मणी टाकतच नाही. ही टाकते, पण मनाला येईल तेव्हा टाकते. खोटं खेळते. बाकीची सहा मुलं बघा, बरोबर टाकतात.”

“आता वो?”

“शुक्रवारी पुण्याहून तपासायला बाई येणार आहेत. बोलक्या वर्गात कोण राहणार ते त्या ठरवतील. मी प्रगतिपुस्तकात लिहिलंय ते त्यांना दिसणारच.” बाईंचा स्वर मऊ झाला. “तुम्ही शाळेसाठी एवढं केलंत, तुमच्यापासून लपवून काय ठेवू? नाव राहील असं वाटत नाही.”

प्रगतिपुस्तकात निळ्या शाईनं लिहिलं होतं : ‘विद्यार्थिनी खेळात खोटेपणा करते.’

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली, पण ते अक्षर मला अजून वळणासकट आठवतं. नाव गेलं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. न बोलणाऱ्यांचा वर्ग इथं नव्हता; दुसरी शाळा होती ती थेट कोल्हापुरात, वसतिगृहाची. मालन, म्हणजे माझी बायको, सात वर्षांच्या मुक्या पोरीला वसतिगृहात ठेवायला मेली तरी तयार झाली नसती. म्हणजे पोरगी घरी. म्हणजे शेळ्या, चूल, आणि हाताच्या चार खुणा. त्या खुणा समजणारी आम्ही दोघं माणसं जगात असू तोवर ठीक, पुढं कोण?

आवारातल्या नळाशी तिला घेऊन गेलो. खाली बसून तिला खुणेनं विचारलं, आवाज नव्हता, मणी का टाकलास? तिनं कानाकडं बोट नेलं, मग चिमूट धरून सोडली. ऐकू आलं, टाकला. मी मान हलवली : नव्हता आवाज. तिनं पुन्हा तेच केलं, जरा जोरात. ऐकू आलं, टाकला.

मी तिच्या गालफडात लगावली.

पोरीवर मी आयुष्यात एकाच दिवशी हात उचलला, तो त्या मंगळवारी. ती रडली नाही. गालाला हात लावून माझ्या हाताकडं बघत राहिली. कुठल्या तरी अनोळखी माणसाचा हात माझ्या खांद्याला आणून लावलाय, असं ते बघणं होतं.

स्टँडवर तिनं परत तीच खूण काढली. कान, चिमूट. “आता पुरे,” मी म्हणालो. एसटी आली. रोज माझ्या मांडीला टेकून बसणारी पोरगी त्या दिवशी पुढं कंडक्टरच्या जागेजवळ जाऊन बसली, पाठ बाकाला न टेकवता.

आता मी कोण ते सांगतो. मी हिंदुराव खराडे, साखर कारखान्यात वायरमन. कारखान्यातली चारशे चाळीसची लाइन मी अंगणातल्या दोरीगत हाताळायचो. निदान तशा फुशारक्या तरी मारायचो. कांचनला शाळेत प्रवेश मिळाला, त्याच मे महिन्यात शाळेनं शिवणवर्गाची नवी खोली बांधली होती. मी म्हटलं, वायरिंगची मजुरी घेणार नाही. नुसती मजुरी सोडली नाही, तर डोकं लढवून शाळेची निम्मी वायर वाचवून दिली. हेडमास्तरांनी सगळ्यांपुढं पाठ थोपटली. तेव्हापासून त्या शाळेत मला चहा बशीत नाही, कपात मिळायचा.

रात्रीच्या भाकरीला मालननं विचारलं, “पोरीच्या गालाला काय झालंय?”

मी सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटायची सोडून दिली.

“कांचन खोटं करती? आवं, परवा तिच्या हातनं दुधाचं पातेलं कलंडलं, तर मला हाताला धरून न्हेऊन दाखवलं तिनं. मांजरावर ढकलाय येत न्हवतं व्हय तिला?”

“बाई काय खोटं बोलत्यात का मग?”

“बाई खोटं बोलत न्हाईत. पोरगी बी बोलत न्हाई.”

“दोन्ही कसं खरं असंल?”

“त्ये मला काय इचारता? वायरमन तुमी.” भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती उचलली आणि माझ्याच ताटात टाकली. “एकादा सांगाय आला की पंखा आवाज करतोय, तर तुमी आदी पंखा बघता का त्येच्या मुस्काटात देता?”

कोपऱ्यात कांचन जेवत होती. माझ्याकडं बघत नव्हती.

बुधवारी कारखान्यात रजा टाकली आणि पोरीला घेऊन पुन्हा शाळेत गेलो. बाई व्हरांड्यात मुलांची मशीनं तपासत होत्या. हा त्यांचा रोजचा परिपाठ. डॉक्टरांसारखी नळी मशीनला जोडायची, स्वतःच्या कानात घालायची, आणि सहाही आवाज काढून बघायचे. सेल उतरलाय का, वायर तुटलीय का, सगळं कळतं. एकही दिवस त्या चुकवायच्या नाहीत. सण असो वा सर्दी, पहिला अर्धा तास हाच.

“बाई, एक काम हाय,” मी म्हटलं. “मला हिच्या मशीनमधनं ऐकायचंय.”

“ऐका की.” त्यांनी नळी माझ्या कानात घातली आणि “आ, ई, ऊ” केलं. स्वच्छ ऐकू आलं. लांब स्टँडवरच्या गाडीचा हॉर्नसुद्धा ऐकू आला. “बघा. मशीन ठणठणीत आहे. मी रोज स्वतः ऐकते.”

“हितं न्हवं. ती जिथं बसती तिथं.”

बाई थबकल्या. “तिथं काय वेगळं असणार? मशीन तेच.”

“नसंल वेगळं. पर एकदा बसतो.”

“बसा. पण तिथं खटका फिरवावा लागतो हं.”

त्या मशीनला एक बारीक खटका असतो. एका बाजूला ठेवला की ते आपल्या कानासारखं भोवतालचं सगळं ऐकतं. वर्गात गेलं की तो दुसरीकडे फिरवायचा. मग भोवतालचा गोंगाट बंद होतो आणि फक्त बाईंचा माइक ऐकू येतो. त्यासाठी वर्गाभोवती जमिनीलगत एक तार फिरवलेली होती. माइकमधला आवाज विजेच्या रूपानं त्या तारेत जायचा, तारेभोवती चुंबकशक्ती तयार व्हायची, आणि मशीनमधलं बारीक वेटोळं ती पकडून तिचा पुन्हा आवाज करायचं. मशीन आणि तार एकमेकांना चिकटलेली नसतात, तरी काम होतं. युक्ती चांगली होती. फक्त ते वेटोळं बिचारं भोळं. कुठल्या तारेची चुंबकशक्ती आपली आणि कुठल्या तारेची परक्याची, हे त्याला कळत नाही.

हे मी आज सांगतोय. त्या दिवशी एवढा विचार कुठला? मी त्या वीतभर बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलो. बाईंनी कपाटातलं जादा मशीन आणून माझ्या गळ्यात अडकवलं, नळी कानात घातली, खटका फिरवला. समोर कांचनला तिच्या मशीनसकट बसवलं. आमच्यामध्ये वाटी. बाकीची मुलं बाहेर खेळत होती.

“मलाबी द्या एक मणी,” मी म्हणालो.

“तुम्हाला?”

“खेळतो की. बगू कोण खोटं खेळतंय.”

बाई हसल्या, पण मणी दिला. मी तो कांचनसारखा गालाशी धरला. ती माझ्याकडं बघेना. वाटीकडं बघत होती.

बाईंनी पुठ्ठ्याआडून “आ” म्हटलं. मला ऐकू आलं, मी मणी टाकला. कांचननंही टाकला. दर वेळी आपापला मणी परत उचलून घ्यायचा. “ऊ” म्हटलं. दोघांनी टाकला. मला वाटलं, झालं, मशीन ठीक, वर्ग ठीक, आता दोष पोरीचाच. मग बाई थांबल्या. मुद्दामच थांबल्या. नळीत काहीच नव्हतं. पितळी हंड्यात डोकं घातल्यावर असतं तसलं शांत.

आणि मग एकदम, घूंऽऽऽ.

कानात भुंगा शिरावा तसा जाड, भरगच्च आवाज. मी दचकलो आणि हातातला मणी वाटीत पडला. मी टाकला नाही, पडला. त्याच क्षणी दुसरा मणीही पडला. टण्ण-टण्ण. इतके जवळ की दोन आवाज असे ऐकूच आले नाहीत.

कांचननं मान वर केली.

बाईंचे ओठ मिटलेले होते. ते मीही बघितलं, तिनंही बघितलं. मग तिनं वाटीतले दोन मणी बघितले, आणि मग माझ्याकडं. सात वर्षांत फक्त आम्हा दोघांनाच ऐकू आलेली ती पहिली गोष्ट होती. तिनं हळूच कानाकडं बोट नेलं. ऐकू आलं?

मी कानाकडं बोट नेलं. ऐकू आलं.

मला रडू आलं ते तिथंच आलं. पण आधी काम होतं.

“बाई, काही तरी घोंघावतंय. तुमी म्हणा बघू एकदा ‘म’.”

बाईंनी “म” म्हटलं. घूंऽऽऽ चालूच होतं, आणि त्यात ‘म’ कुठं बुडाला पत्ता लागला नाही. मग ते घोंघावणं आपोआप थांबलं. बाईंनी नळी स्वतःच्या कानात घेतली. अर्ध्या मिनिटानं त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हाताची मूठ तोंडावर धरली.

“हे… हे रोज असतं?”

“पोरगी जूनपास्नं सांगतीय, बाई.”

मी नळी पुन्हा कानात घातली आणि दारापर्यंत गेलो. कमी झालं. भिंतीकडं गेलो, वाढलं. कांचनच्या बाकाशी सगळ्यात जास्त. पंखा बंद केला, तसंच. ट्यूब बंद केली, तसंच. बाईंचा माइकचा डबा बंद केला, तरी तसंच. येत होतं, जात होतं. मी शेजारच्या शिवणवर्गात डोकावलो. मुल्लाणीबाई टेबलावर कांबळं अंथरून गणवेशांच्या चुण्यांना इस्त्री करत होत्या. शुक्रवारी पाहुण्या येणार म्हणून गणवेशांची चळत लागली होती.

इस्त्रीवर तांबडा दिवा लागला. कानात घूंऽऽऽ.

दिवा विझला. कानात शांत.

“मुल्लाणीबाई, जरा बटन बंद करा.” बंद. शांत. “चालू करा.” दिवा लागला, घूंऽऽऽ. माझ्यामागं पळत आलेली कांचन दारात उभी होती. तिची चिमूट आपोआप सुटली. हातात मणी नव्हता तरी.

“इस्त्री बिघडलीय का ओ?” मुल्लाणीबाई घाबरून म्हणाल्या.

इस्त्री बिघडलेली नव्हती. माझी नजर बटनापासून वर सरकत गेली. पट्टी, पट्टीतली वायर, व्हरांड्याच्या भिंतीवरून मेन बोर्डाकडं गेलेली. ती जाणारी तार. आणि येणारी? येणारी तार मी तिच्याबरोबर परत नेलीच नव्हती. मे महिन्यात डोकं लढवलं होतं ना. येणारी तार मी खिडकीच्या कोपऱ्यातून पलीकडच्या वर्गात घुसवली होती, उरलेल्या तीन भिंतींवर फिरवली होती, आणि वाटेत जुनी तार भेटली तिथं तिला जोडून दिली होती. मेन बोर्ड पार दुसऱ्या टोकाला, म्हणून निम्मी वायर वाचली होती.

जाणारी आणि येणारी अंगाला अंग लावून गेल्या, तर एकीची चुंबकशक्ती दुसरीची मारून टाकते. हे कारखान्यात टेलिफोनची लाइन गुणगुणायला लागली, तेव्हा साहेबांनी आम्हाला फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी मान डोलावली होती. दोघींना तोडून एकीला एका भिंतीनं आणि दुसरीला दुसऱ्या भिंतीनं नेलं, की मधल्या जागेचं मोठं वेटोळं होतं. त्या मधल्या जागेत मी शाळेतले सगळ्यात कमी ऐकणारे सात जीव बसवले होते. त्यातला एक माझा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मी.

“काय झालं, खराडे?” देशिंगकरबाई मागून म्हणाल्या. “मागच्या वर्षी याच खोलीत मुलं किती छान ऐकायची! मी म्हणायचे, मणी बरोबर टाकतात, पण बोलायला या वर्षीची तुकडीच मंद आहे. कशानं होतंय हे?”

“वायरिंगचा दोष हाय,” मी म्हणालो. “जुनं काम दिसतंय.”

जीभ अडखळलीसुद्धा नाही. खोटं बोलायला किती थोडा वेळ लागतो! कांचन माझ्या ओठांकडं बघत होती. तिला काय कळलं असेल कोण जाणे, पण मी तोंड फिरवलं.

गुरुवारी पहाटेच्या एसटीनं शिडी, पकड आणि नव्या वायरचं बंडल घेऊन गेलो. वर्गाच्या तीन भिंतींवरची माझी तार पट्टीसकट उपटली. नवी आणली ती जाणाऱ्या तारेबरोबर, दोघींना वेणीसारखा पीळ घालून. दुपारपर्यंत हात चालत होते आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. जुनं काम दिसतंय, जुनं काम दिसतंय.

देशिंगकरबाई मधल्या सुट्टीत चहा घेऊन आल्या. कपातच.

“हेडमास्तर म्हणताहेत, संमेलनात तुमचा सत्कार करायचा,” त्या म्हणाल्या. “शाल-नारळ. तुम्ही नसता तर मुलांचं वर्ष गेलं असतं.”

मी शिडीवरच होतो. तिथून खाली उडी टाकावी असं वाटलं.

“बाई, त्यो नारळ माझ्या डोस्क्यात घाला.”

“म्हणजे?”

“जुनं काम न्हाई ते. माझंच हाय. मे म्हैन्यातलं.” मी खाली उतरलो. “वायर वाचवायच्या नादात येणारी तार या वर्गातनं फिरवली. काल तुमाला खोटं बोललो.”

बाईंनी उपटलेली तार हातात घेतली. मला वाटलं आता ऐकवतील, आणि त्यांनी ऐकवावं असं मनापासून वाटत होतं. ऐकवलं की माणूस जरा हलका होतो.

“तार तुमची,” त्या म्हणाल्या. “पण कान माझे होते ना, खराडे? मी रोज ऐकत होते. व्हरांड्यात! जिथं मुलं कधी बसतच नाहीत तिथं. आणि जी मुलं बरोबर मणी टाकतात ना, ती काय करत होती ते मला काल कळलं. मी मुद्दाम पाठीमागं जाऊन बसले. चार जणांचे मणी हातातच राहिले. पुढून ती माझ्या खांद्याकडे बघायची. मी आवाज काढताना खांदा वर जातो म्हणे. म्हणजे ज्यांनी फसवलं ती पास होत होती, आणि जी जसं ऐकू येईल तसं टाकत होती तिला मी…” त्या तशाच आत गेल्या, प्रगतिपुस्तक आणलं, आणि माझ्यादेखत ती निळी ओळ खोडली. एकदा नाही, अक्षर दिसेनासं होईपर्यंत खोडली. खाली सही केली.

चहा गार झाला होता. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

शुक्रवारी पुण्याच्या बाई आल्या. ठेंगण्या, चष्म्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. पालकांना बाहेर थांबायला सांगितलं. मी शिवणवर्गाच्या दारात उभा राहिलो. तिथून खिडकीतून कांचनचा बाक दिसायचा.

“मुल्लाणीबाई, इस्त्री लावा,” मी म्हणालो.

“आत्ता? परीक्षा चाललीय की ओ!”

“म्हणूनच लावा. आन गरम राहूद्या.”

माझ्या हातनं दुरुस्त झालंय की नाही हे मला नळीतून कालच कळलं होतं. पण नळी माझ्या कानात होती. मला पोरीच्या हातातून बघायचं होतं.

पुण्याच्या बाईंनी माइक घेतला आणि ओळखल्यासारख्या मुलांच्या पाठीमागं जाऊन बसल्या. एकेकाची पाळी. कांचन पाचवी. तिनं मणी गालाशी धरला. माझ्या मागं टेबलावर इस्त्री होती. मी एक डोळा दिव्यावर आणि एक डोळा तिच्या हातावर ठेवला.

तांबडा दिवा लागला.

कांचनचा हात हलला नाही. तिनं भुवया मात्र आवळल्या. रोज भेटणारं माणूस वाटेत दिसलं नाही की बघतो तसं तिनं इकडंतिकडं बघितलं. मणी गालाशीच. दिवा विझला, पुन्हा लागला. हात जागेवर.

मग पाठीमागून बाई काहीतरी बोलल्या असाव्यात. मला खिडकीबाहेर ऐकू आलं नाही. कांचनला आलं. टण्ण.

पुन्हा टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग टण्ण.

अर्ध्या तासानं पुण्याच्या बाई बाहेर आल्या, हातात प्रगतिपुस्तक. “कांचन खराडेचे वडील कोण? चार आवाज पक्के आहेत. आ, ई, ऊ, म. ‘स’ आणि ‘श’ तिला ऐकू येणार नाहीत, त्याची वाट बघू नका. पण एक सांगते, ही मुलगी अंदाजानं मणी टाकत नाही. आला तरच टाकते. अशा मुलांना शिकवायला सोपं जातं. बोलक्या वर्गात राहू द्या.” मग पान उलटून त्यांनी विचारलं, “हे काय खोडलंय इथं?”

“माझी चूक होती,” देशिंगकरबाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी पोचलो. आम्हाला बघताच मालननं चुलीवर शेवया ठेवल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्या तोंडांवरून कळलं असणार. कांचन दप्तर ठेवून ताटाशी बसली. दोन दिवस ती माझ्याशी नीट वागत होती. जवळ आली होती, मण्यांचा खेळ पुन्हापुन्हा करून दाखवत होती. पण मांडीला टेकून बसत नव्हती.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. खुणांमध्ये ‘चुकलो’ कसं म्हणायचं ते आमच्यात कधी ठरलंच नव्हतं. घरात आजवर तशी गरज पडली नव्हती. मी वायरमन ना, माझं कधी चुकायचंच नाही! मग मी तिचा उजवा हात धरला, माझ्या गालावर ठेवला, आणि खूण केली. मार.

“आवं, काय ह्ये,” मालन चुलीपासून म्हणाली. “पोरीकडनं मार खाताय व्हय?”

“फिट्टमफाट होऊ दे,” मी म्हणालो.

मला वाटलं होतं, ती हसेल, गालावरून हात फिरवेल, गळ्यात पडेल. आपण मोठी माणसं असंच धरून चालतो. कांचननं थोडा विचार केला, हात मागं नेला आणि सणसणीत ठेवून दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालनच्या हातातला पळा तसाच राहिला.

झालं, असं म्हणून मी उठायला लागलो. तेवढ्यात माझा सदरा ओढला गेला. कांचननं दोन बोटं वर केली होती.

मी मान हलवली आणि एक बोट दाखवलं. एकदाच मारलं होतं मी तुला. एकदाच.

तिनंही मान हलवली. दोन. मग मला नीट कळावं म्हणून सावकाश दाखवलं. नळाची तोटी फिरवली, गालाला हात लावला : एक. मग दोन्ही हातांनी एसटीचं मोठं चाक फिरवलं, हात मागं नेऊन स्वतःच्या पाठीला लावला : दोन.

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. स्टँड. कान आणि चिमूट. ‘आता पुरे’ म्हणालो होतो खरा. पण ते नुसत्या तोंडानं म्हणालो नव्हतो. धपाटा घातला होता. चांगला जोरात घातला होता. आणि तीन दिवसांत तो असा पुसून टाकला होता, की मालनलासुद्धा एकच सांगितला होता.

कांचन दोन बोटं तशीच धरून वाट बघत होती. तिचा काही राग नव्हता. हिशेब चुकला होता, तो ती दाखवत होती.

मी मुकाट्यानं वळलो आणि पाठ पुढं केली.